मेणाचं घर आणि विसरलेला पाय

शनिवार, ठाणे

नवस आईचा, पण त्याचं वेळापत्रक माझ्या गळ्यात.

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे आम्ही वन बीएचके बुक केला तेव्हा बाबा होते. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्यात गेले आणि ताबा मिळायच्या आत बाबाही गेले. बिल्डर दर दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि नवी तारीख द्यायचा. दोन वर्षांपूर्वी अशीच एक नवी तारीख मिळाली तेव्हा आईने चेंदणीच्या आमच्या भाड्याच्या घरात मेथी निवडता निवडता जाहीर करून टाकलं, "घर मिळालं की मोत माऊलीला मेणाचं घर वाहीन." गणपती, एकवीरा, कोपिनेश्वर असे सगळे जवळचे असताना वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधली माऊली कशाला, असं मी विचारलं. "जवळच्यांना सांगून झालं," आई म्हणाली.

या ऑगस्टमध्ये किल्ली हातात आली. आता जत्रेची वाट बघायची. मेरीमातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, आणि त्याला धरून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर जत्रा. तारीख इंग्रजी, आपली तिथी वेगळी; दोन्ही कॅलेंडरं भिंतीवर शेजारी-शेजारी लावून पाहिलं तर जत्रेचा रविवार नेमका पितृपक्षात. झालं! आई अडून बसली. पंधरवड्यात नवस फेडायचा कसा? त्यात बाबांची तिथीही त्याच आठवड्यात.

हा पेच सोडवला आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणमावशींनी. पक्षामुळे आई मासे घेत नव्हती, तरी मावशी सवयीने टेकल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावलीच्या जत्रंला पितर आरवं येत नाय. आमी दर वर्साला जातो." मावशी पक्क्या हिंदू कोळी. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पालखीला जातात, नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडतात आणि सप्टेंबरात डोंगरावर मेणबत्ती लावतात. एकवीरेचं देऊळ तरी कुठे आहे? बौद्ध लेण्याच्या तोंडाशी. तिथे ज्यांना काही अडत नाही त्यांना वांद्र्यात काय अडणार! शिवाय मावशी 'चर्च' म्हणतच नाहीत. "मावलीचं देऊल," म्हणतात.

'मोत' म्हणजे मोती, असं बरेच जण सांगतात. मला वाटतं, पोर्तुगीजांचा 'मोंते' म्हणजे डोंगर, तोच कोळीवाड्याच्या तोंडात घासून 'मोत' झाला असणार. इंग्रजी येणाऱ्यांनी त्याचं 'माउंट' केलं. मोती काय, डोंगर काय, माऊली तीच.

संध्याकाळी आईला घेऊन तलावपाळीला गेले. शनिवार असल्याने बोटी, बॅटरीवरच्या गाड्या, भेळ, फुगे असा सगळा कल्लोळ. एकीकडे कोपिनेश्वराची घंटा, आणि तलावापासून जवळच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. ठाण्यात जन्म काढूनही त्या आवारात मी शाळेच्या स्पर्धांपलीकडे कधी शिरले नव्हते. आत कुणीतरी ऑर्गनवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत होतं, चुकत होतं, पहिल्यापासून सुरू करत होतं. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिला ते रियाजासारखं वाटलं म्हणे.

पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधीच ठाण्याचं नाव युरोपात पोचलं होतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू वाऱ्यामुळे ठाण्याच्या बंदरात अडकले. त्यांचा म्होरक्या तोलेंतिनोचा थॉमस नावाचा म्हातारा इटालियन होता. धर्मावरून काझीसमोर वाद झाला, दिल्लीच्या सुलतानाचा इथला अंमलदार खवळला आणि चौघेही मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा इटालियन प्रवासी इथून त्यांची हाडं उचलून थेट चीनला घेऊन गेला. आज आपण जिथून पाणीपुरी खाऊन रिक्षा पकडतो त्या गावातून हाडांचं गाठोडं घेऊन एक माणूस चीनला गेला! आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "चौघांचं कुणी पक्ष घालत असेल का रे देवा?" तिच्या डोक्यात पंधरवडाच चालू होता.

रविवार, वांद्रे

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. फास्ट गाड्या स्लो मार्गावर, आणि स्लो मार्गावरच्या कुठे होत्या ते त्यांनाच ठाऊक. दादरला पूल ओलांडून वेस्टर्नला आलो तेव्हा आईचा गुडघा बोलायला लागला होता. वांद्रे स्टेशनाबाहेर बेस्टच्या जत्रा स्पेशल बस उभ्याच होत्या. बसमध्ये अर्ध्याअधिक बायकांच्या केसांत गजरे. एक नऊवारीतली आजी खिडकीशी, मांडीवर झेंडूची पिशवी. मला वाटलं होतं की आपण दोघीच तिथे उपऱ्या दिसू. बसमध्ये 'कुठून आलात' एवढंच विचारलं गेलं, आणि 'ठाणे' म्हटल्यावर आजी म्हणाली, "मग जवलच हाय की. आमी उत्तनवरशी आलो."

डोंगर म्हटलं की ठाणेकराच्या डोळ्यांपुढे येऊर येतो, नाहीतर मामा-भांजेचा डोंगर. त्या हिशेबाने हा डोंगर म्हणजे टेकाड. पण एका अंगाला थेट समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सगळं वांद्रं उतरत गेलेलं, त्यामुळे उंचीपेक्षा उंच वाटतो. चढावर दोन्ही बाजूंना दुकानं. काळे चणे, खाजा, पेढे, चिक्की, गुळात घोळलेल्या बोटभर लांबीच्या कडक कांड्या (त्यांना कडिओ-बोडिओ म्हणतात, दात शाबूत असतील तर घ्याव्यात), प्लास्टिकची खेळणी, कानातली, पेरूचं लालभडक चीज. ज्योतिबाची असो की मलंगगडाची, जत्रेचा वास सगळीकडे सारखाच, इथे त्यात मेण मिसळलेलं होतं.

मेणवाल्यांची रांग लागली आणि आई थांबली. मीही थांबले, कारण असं दुकान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात, पाय, डोकी, डोळ्यांच्या जोड्या, हृदयं, रांगणारी बाळं, नवरा-बायको, गाडी, विमान, पुस्तक, सगळं पिवळसर पांढऱ्या मेणाचं आणि प्रत्येकाच्या डोक्यातून वात निघालेली. जे दुखतंय ते किंवा जे हवंय ते न्यायचं. विमान कशाला, तर परदेशाच्या व्हिसासाठी. एका मुलीने दोन विमानं घेतली. बहुतेक जायचं आणि यायचं.

घर हातात घेऊन मी नीट पाहिलं. अर्ध्या विटेएवढं. उतरतं छप्पर, त्यावर कौलांच्या रेघा, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे मधोमध बारीक शिवण. पुढे दार, दाराला टाचणीच्या डोक्याएवढी मूठ. दोन खिडक्या, पण एकीचा गज साच्यातच मोडलेला. वात धुराड्यातून वर आलेली. आईने ते फिरवून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"हे बैठं घर आहे. आमचा सतरावा मजला आहे."

"बिल्डिंग संपल्या मावशी," पोरगा म्हणाला. "सकाळीच संपल्या. सगळ्यांना बिल्डिंगच पाहिजे."

"मग माऊलीला कळायचं कसं?"

"आत गेल्यावर पत्ता सांगा ना."

बाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी पाच मिनिटं घालणाऱ्या आईने नवसाच्या वस्तूला घासाघीस केली नाही. उलट एक पायही घेतला, गुडघ्यासकट. "आलोच आहोत तर," ती म्हणाली. पाय वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत गेला. हे लक्षात ठेवा.

रांग मोठी होती पण सरकत होती. वर काळसर दगडाचं, दोन मनोऱ्यांचं चर्च. ही आजची इमारत १९०४ ची, तिचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाचा. चढणाऱ्या जुन्या पायऱ्याही एका पारशी दात्याने बांधून दिलेल्या. १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी या चर्चला बॅसिलिका हा मान दिला. मूर्ती मात्र इमारतीपेक्षा खूप जुनी, सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणलेली. १७०० साली अरब चाचे डोंगरावर आले आणि मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याची समजून त्यांनी उजवा हातच तोडून नेला, अशी कथा आहे. पुढे दुसरी एक मूर्ती कोळ्यांना समुद्रात तरंगताना सापडली. एका कोळ्याला आधी स्वप्न पडलं होतं म्हणतात. ती दर्यावर्दींची माऊली काही काळ डोंगरावर होती, नंतर खाली सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये गेली आणि डोंगरावर जुनीच मूर्ती दुरुस्त होऊन परतली. कोळ्यांनी आपला हक्क सांगितला तो या स्वप्नावर.

आत शिरल्यावर मला वाटलं होतं की आई बावरेल. तिने चपला बाहेर काढायला जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा मनातच क्षमा मागून पुढे गेली. वेदीच्या वर बाळाला घेतलेली माऊली. स्वयंसेवक मेणाच्या वस्तू घेऊन टेबलावर रचत होते: पायांचा ढीग, हातांचा ढीग, घरांची अख्खी वाडी. आईने आमचं घर त्या वाडीच्या टोकाला स्वतःच्या हाताने ठेवलं, दार वेदीकडे केलं आणि हात जोडून पुटपुटायला लागली. मी जवळ गेले. ती खरोखर पत्ता सांगत होती. बी विंग, सतरावा मजला, जिन्यातून डावीकडे, कासारवडवली, ठाणे पश्चिम, पिनकोडसकट.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, घर तर मिळालं. आता पत्ता कशाला?"

"राहायला परवानगी देणारी ओसी अजून आलेली नाही," आई म्हणाली.

समोरच्या बाजूला, रस्ता ओलांडून, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि माथ्यावर फातिमा माऊलीचं स्थान. तिथल्या कठड्याशी टेकून आईने कडिओ-बोडिओ चोखायला घेतला (दातांचा प्रश्न) आणि मी समुद्राकडे पाहत बसले. वांद्र्यातल्या बायका, उत्तनच्या बायका, आमच्यासारख्या ठाण्याच्या, मराठी, कोंकणी, तमिळ, हिंदी. माईकवरून एका भाषेतली प्रार्थना संपली की दुसरीची घोषणा. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ.

पिशवी रिकामी करताना चण्यांच्या पुडीखाली वर्तमानपत्राची गुंडाळी लागली. पाय!

आईने कपाळावर हात मारला. "उद्याच्या उद्या पोचव. घरात असा सुटा पाय ठेवायचा नाही." पंधरवड्यात तर नाहीच नाही.

सोमवार, पुन्हा वांद्रे

माझं ऑफिस वांद्र्याच्या बीकेसीत. म्हणजे पाय घेऊन जायचं काम आपोआप माझंच. सहा वाजताच्या आसपासची लोकल पकडली. लेडीज डब्यात पिशवी मांडीवर, आणि शेजारच्या बाईने कोपराला काय टोचतंय म्हणून विचारलं. "पाय आहे," मी म्हटलं. ती पुढच्या स्टेशनला दुसऱ्या सीटवर गेली.

सकाळी सातला डोंगर वेगळाच. दुकानांवर ताडपत्र्या, एक माणूस रस्त्यावर सांडलेलं मेण उलथन्याने खरवडून डब्यात भरत होता. चर्चमध्ये वीसेक माणसं. काल गर्दीत जे पाहता आलं नाही ते आज निवांत पाहिलं. एक वयस्क स्वयंसेवक बाकांवरून हात फिरवत होते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती, असावेत. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं होतं. मूर्तीचा तुटलेला हात दिसत का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाळाला पुढं ठेवलंय ना. पोर कडेवर असलं की आईचा हात कोन बघतो?"

पाय त्यांच्या हातात दिला. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, "मदरचा?" म्हणाले आणि ढिगात ठेवला. संपलं काम.

ऑफिसला दोन तास होते म्हणून चालत खाली लँड्स एंडला, वांद्र्याच्या किल्ल्यात गेले. किल्ला म्हणजे आता थोडी तटबंदी आणि बाग. पोर्तुगीजांनी तो १६४० मध्ये बांधला. नाव आग्वाद, कारण इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि येणारी-जाणारी जहाजं पाणी भरून घ्यायची. समोर सागरी सेतू, त्याच्या मागे वरळी. डावीकडे माहीमची खाडी. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई बेट इंग्रजांना आंदण गेलं, साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं बेट, मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली; म्हणजे ही खाडी दोन राज्यांची सीमा होती. आता तिथून वांद्रे-माहीम तीन मिनिटांत लोकल जाते.

मी शाळेत असल्यापासून चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेची भक्त आहे. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा पोर्तुगीजांचा किल्ला अर्धाच बांधून झाला होता (तोच पुढे ठाण्याचं कारागृह झाला, आमच्या जुन्या घरापासून चालत जाण्यासारखा). १७३९ च्या मेमध्ये वसई पडली. तिकडच्या घंटा आपण नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला नेऊन टांगल्या, हे आम्ही सहलींत कौतुकाने पाहिलेलं. आज पहिल्यांदाच त्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. मराठे येतील या भीतीने इंग्रजांच्या सल्ल्यावरून हा किल्ला पाडला गेला. त्याच धामधुमीत डोंगरावरचं माऊलीचं देऊळही गेलं. या कथेतले धाड घालणारे म्हणजे आपणच. अरब चाच्यांच्या रांगेत उभं राहायला कसंसंच वाटतं.

पण मग तारखा जुळवताना एक गंमत हाती लागली. देऊळ पुन्हा उभं राहिलं ते १७६० च्या सुमाराला. आणि अख्खी साष्टी मराठ्यांकडे होती १७३९ पासून १७७४ पर्यंत, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत. म्हणजे माऊली डोंगरावर परतली ती पेशवाईत! तिकडे पानिपताची तयारी चाललेली आणि इकडे पेशव्यांच्या मुलुखात वांद्र्याचे कोळी आणि भाविक देऊळ बांधतायत. कुणी परवानगी दिली, कुणी डोळेझाक केली, कुणी कर भरून घेतला असेल, त्या कारकुनाचं मला फार कुतूहल वाटतं. पुण्याला त्याने काय लिहून कळवलं असेल? की काहीच कळवलं नसेल? वांद्र्यातल्या एखाद्या कोळणीकडून त्याच्याही घरी म्हावरं येत असणार.

साडेनऊला रिक्षा करून बीकेसीत. हाताला दिवसभर मेणाचा वास येत होता.

सोमवार संध्याकाळ, घोडबंदर रोड

आईला नव्या घरात पडद्यांची मापं घ्यायची होती, म्हणून ऑफिसातून थेट तिकडे. घोडबंदर रोडबद्दल ठाणेकराने काही लिहायचं नसतं; मेट्रोचे खांब, खड्डे, आणि माजिवड्यापासून एक तास. आई आधीच पोचून इमारतीच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी वॉचमन उभा.

"लिफ्ट बंद आहे," ती म्हणाली. "दुपारपासून."

"मग मापं उद्या घेऊ."

आई काही बोलली नाही. मान वर करून मजले मोजत होती. सतराव्या मजल्यावर आमची खिडकी बाकीच्यांसारखीच अंधारी.

"पाय पोचवलास ना?"

"पोचवला."

"नीट? गुडघा वर करून?"

"वर करून."

तिने पदर खोचला, पिशवीतून टेप काढून माझ्या हातात दिला आणि जिन्याकडे निघाली. सहाव्या मजल्यावर दोन मिनिटं, अकराव्यावर पाच, चौदाव्यावर पाणी प्यायली. दार मी उघडलं. आई आत जाऊन रिकाम्या हॉलच्या मधोमध फरशीवरच बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "खिडकीचं माप आधी घे. आतून घे, बाहेरून नको."